बेकहिल वाहतूक बेटावरील कॅराव्हॅन

प्रति,
मा. रस्ते व वाहतूक अधिकारी,
स्केलथॉर्प नगर परिषद,
यॉर्कशायर.

विषय : बेकहिल वाहतूक बेटावर उभी असलेली माझी कॅराव्हॅन, आतील पत्नीसह, हलवू देण्याबाबत, ते जमत नसल्यास तिथे जाण्यासाठी झेब्रा क्रॉसिंग आखून मिळण्याबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र दि. २ जुलै ("अडथळा आठ दिवसांत हटवा, अन्यथा मोडीत काढू")
२) आपल्याच उद्यान विभागाचे पत्र दि. ३ जुलै ("सदर शोभेस हात लावू नये")

महोदय,

मी गालिच्याच्या कारखान्यात बेचाळीस वर्षे मशीन चालवली. शाळा पंधराव्या वर्षी सुटली. भाषा कुठे आडवी गेली तर तशीच वाचावी, मी ती सरळ करणार नाही. आपली मुदत उद्या संपते.

१. दि. १० मे रोजी मी व पत्नी सौ. मॉरीन गाडीला कॅराव्हॅन, म्हणजे आमची चाकांवरची खोली, जोडून ब्रिडलिंग्टनच्या समुद्राकडे निघालो. कायद्याने आणि अकलेने लागते ते सर्व आमच्याकडे होते. दोन्ही बाजूंना लांब दांड्याचे आरसे, मागे गाडीच्याच नंबरची पाटी, दिव्यांची तेरा पिनांची जोडणी, झोल आवरणारा दांडा, हुकावरचा भार मोजायचा काटा, आणि कॅराव्हॅन सुटलीच तर तिचे ब्रेक ओढणारी पोलादी तार. बेकहिल बेटाला वळसा घालताना ती सुटली. तारेने आपले काम केले. कॅराव्हॅन कडेच्या दगडावरून चढून बेटाच्या बरोबर मध्यावर, हिरवळीत थांबली. एक कप फुटला नाही. आपल्या कार्यालयात इतके चोख काम करणारी एखादी तार असती तर हा अर्ज लिहावा लागला नसता.

२. मॉरीनला कॅराव्हॅनपाशी ठेवून मी मदत आणायला गेलो. परतलो तर मॉरीनने कॅराव्हॅनचे टेकूचे चारही पाय खाली सोडून किटली ठेवली होती. म्हणाली, "रेमंड, एकतीस वर्षांत आज पहिल्यांदा मी सुट्टीवर आलेय. तू घरी जा." या गोष्टीला दोन महिने झाले.

३. आपले पत्र मिळताच मी गाडी घेऊन बेटावर गेलो. तिथे उद्यान विभागाच्या मिस पिकल्स खुरपे घेऊन उभ्या. "आजोबा, बेगोनियाच्या फुलांवर चाक घातलंत तर याद राखा." त्यांनी चाकांभोवती गोल वाफा केला आहे. बेटाला परगण्यातील सुंदर बेटांच्या स्पर्धेत पहिले बक्षीस मिळाले असून प्रशस्तिपत्र मॉरीनच्या नावे आले आहे. आपण व मिस पिकल्स एकाच मजल्यावर बसता, एकाच किटलीतला चहा पिता. एकमेकांना विचारायला जीभ झडते काय?

४. गाडीची व कॅराव्हॅनची पाटी एकाच नंबरची असल्याने दि. १४ जून रोजी सकाळी ११.४० वाजता माझे वाहन बाजारात आणि बेटावरही चुकीचे उभे होते, अशा दोन नोटिसा आल्या. शिवाय पोलिसाने मला अडवले. "कॅराव्हॅन कुठंय?" म्हणे. मी सांगितले, बेटावर. "मग आरसे काढा. ओढायला काही नसताना हे लावता येत नाहीत." मी काढले नाहीत. काढले म्हणजे ती आता माझ्या मागे येणार नाही, असे मी लिहून दिल्यासारखे होईल. दंड करा.

५. सत्तेचाळीस नंबरच्या बसचा ड्रायव्हर बेटाला मुद्दाम दोन फेऱ्या मारतो. "काय मॉरीनबाई, आज काय बेत?" "मटणाची तंगडी. पुढच्या फेरीला खिडकी उघडी ठेव." त्याला तंगडी मिळते. मी दर शुक्रवारी गरम तळलेले मासे व बटाटे घेऊन रस्त्याच्या कडेला उभा राहतो आणि चार रांगांतल्या लॉऱ्या थांबायची वाट बघतो. गेल्या खेपेस चाळीस मिनिटे लागली. मॉरीन खिडकीतून एवढेच म्हणाली, "गार झाले रे."

६. आधीच्या तीन अर्जांत मी बेटाजवळच्या आपल्या खड्ड्याला दोष दिला होता. खड्डा आहे, तो बुजवा. पण त्याने फक्त निमित्त केले. कॅराव्हॅन गाडीला जोडणारी कडी मी घरी दोनदा तपासली होती. पेट्रोल पंपावर तिसऱ्यांदा तपासताना, नीट बसली आहे ना हे बघायला उघडली. मॉरीन गाडीतून म्हणाली, "बसलीये रे, चल." मी तिच्यावर चिडलो आणि कडी न लावताच स्टिअरिंगवर बसलो. तिने घाई केली म्हणून घोळ झाला, असे मी दोन महिने गावभर सांगितले. तिला मी हे खिडकीखाली उभा राहून कबूल केले. ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? मला माहीतच होतं. कुठंतरी लिहून दे." म्हणून आपल्याकडे लिहून देत आहे. नोंद घ्यावी.

सबब, वीस मिनिटे वाहतूक थांबवून कॅराव्हॅन काढू द्यावी, किंवा क्रॉसिंग आखून द्यावे. मॉरीनचे म्हणणे, क्रॉसिंग आधी करा, बाकीचे तिचे ती बघेल. माझेही आता तेच म्हणणे आहे. मोडीत काढायला माणसे पाठवलीत तर ती चहाला थांबतील, एवढे सांगून ठेवतो.

आपला,
(नम्र नाही, पण खरे लिहिणारा)
रेमंड हॉल्डस्वर्थ
दि. ९ जुलै

सोबत : नोटिसा दोन, प्रशस्तिपत्राची नक्कल, आरसे लावलेल्या गाडीचा फोटो.

प्रत माहितीस्तव : सौ. मॉरीन हॉल्डस्वर्थ, बेकहिल बेट. समक्ष देणार, शुक्रवारी, रस्ता ओलांडता आल्यास.