उदाहरणादाखल दिलेले वाक्य

कोरेगाव, गुरुवार, १२ जानेवारी १९९५

शेजारचा संभाजी सैन्यातून रजेवर आला आहे. बढतीच्या परीक्षेसाठी आज विचारत होता, "सर, इंग्रजीत 'गोइंग टू' कवा वापरायचं?"

बेत आधीच पक्का असेल तेव्हा, मी म्हणालो. आणि उदाहरण दिले: मी सासुरवाडीला, कवठे महांकाळला जाणार आहे.

"मग निघताय कवा? काकू गेल्यापास्नं म्हातारी वाट बघतीया की."

बेत कुठे आहे? सासूबाईंची तीन पत्रे उत्तराविना पडली आहेत. तीन. शेवटच्या आजारात हिला दवाखान्यात नेण्यास विलंब मीच केला. त्यांच्यासमोर कसा उभा राहू?

अखेर कार्ड लिहिले, रविवारी येत आहे, आणि पेटीत टाकून आलो. विलंबाविषयी कार्डावर लिहवले नाही. ते त्यांच्यासमोर बसूनच सांगणे भाग आहे.