मार्शमॅलोच्या जिराफाचं क्युरिंग

३ फेब्रुवारी, सोमवार

पंधरा तारखेला कन्येचा नववा वाढदिवस. गेले दोन वाढदिवस मी साइटवर होतो. यंदा केकवर उभा जिराफ हवा, असा हुकूम निघाला आहे. केक बायको घरीच करणार आणि जिराफ पलीकडच्या गल्लीतल्या केकवाल्या बाईंकडून आणणार, असं त्या दोघींचं परस्पर ठरलं होतं. मी जेवताना जाहीर केलं, जिराफ मी करणार. कन्या नुसती बघत राहिली. भारावली असणार.

बावीस वर्षं काँक्रीट घट्ट करतोय. पूल उभे केले, पाण्याच्या टाक्या उभ्या केल्या. वीतभर साखरेच्या जिराफाची काय मिजास!

४ फेब्रुवारी

व्हिडिओ पाहिला. मार्शमॅलो वितळवायचे, पिठीसाखर घालून मळायचे, की फॉन्डंट तयार. मग मातीसारखा आकार द्यायचा. व्हिडिओतली बाई सारखी 'खूप सोप्पं आहे' म्हणते. सोप्पं आहे तर अर्धा तास कशाला बोलतेस? वाळवण्याचा भाग सुरू झाला तेव्हा बंद केला. घट्ट कसं करायचं हे मला कोणी सांगू नये.

६ फेब्रुवारी

आज सुरुवात करणार होतो. केली नाही. घाई मुकादम करतात, इंजिनिअर आधी विचार करतो.

८ फेब्रुवारी, शनिवार

केला! हाताला, कोपराला, चष्म्याला आणि दाराच्या कडीला चिकटला, पण केला. हाताला आधी लोणी लावा, असं बायकोने म्हणे सांगितलं होतं. मोठ्याने सांगायला काय झालं होतं? असो. जिराफ देखणा आहे. मानेत टूथपिकच्या सळया घातल्या आहेत.

बायको केकवाल्या बाईंना विचारून आली. म्हणे उघड्यावर वाळू द्या, पंखा लावा, पाण्याचा थेंब लागू देऊ नका. उचलली जीभ लावली टाळ्याला! जन्मात एक स्लॅब टाकला नाही आणि मला घट्ट होणं शिकवणार. उघडं ठेवलं की तडे जातात. म्हणून नवं काँक्रीट ओलं ठेवायचं असतं. याला क्युरिंग म्हणतात. त्यानेच ते दगडासारखं होतं.

स्वच्छ फडकं ओलं करून जिराफाला गुंडाळलं.

९ फेब्रुवारी

फडकं काढून पाहणी केली. जिराफाला सुंदर चकाकी आली आहे. पाय किंचित जाड, उंची किंचित कमी. याला सेटलमेंट म्हणतात, प्रत्येक बांधकामात होतं. मी ऑफिसात असताना दुपारी थोडं पाणी शिंपडत जा, असं बायकोला सांगितलं. तिने कोपरापासून हात जोडले.

११ फेब्रुवारी

मान गेली. सळया तेवढ्या उभ्या आहेत. हल्ली टूथपिकसुद्धा धड बनवत नाहीत. ओट्यावर मुंग्यांची रांग लागली आहे. बायको म्हणाली, चला, कुणाला तरी आवडला. तिच्या विनोदबुद्धीबद्दल मी लग्नापूर्वी चौकशी करायला हवी होती.

दुसरा जिराफ केला. हा फ्रिजमध्ये.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

फ्रिजमधून जिराफ काढला. दगड! दोघींना बोलावलं, पाठीवर टकटक वाजवून दाखवलं, घट्ट होण्यामागचं शास्त्र समजावून सांगितलं. शास्त्र जरा लांबलं. तेवढ्यात जिराफाला घाम फुटला आणि त्याने पुढचे गुडघे टेकले.

बायको म्हणाली, बाईंकडे घट्ट होण्याची पावडर मिळते, अजून वेळ आहे. पावडर! म्हणजे भेसळच. काँक्रीटमध्ये आम्हीही पावडरी घालतो, पण तो वेगळा विषय आहे.

बसलेला जिराफ चालेल का, असं कन्येला विचारलं. चालेल म्हणाली. समजूतदारपणात माझ्यावर गेली आहे.

१४ फेब्रुवारी

बसलेला आडवा झाला. नीट विचार केला तर झोपलेला जिराफ ही जास्त कलात्मक कल्पना आहे. उभा काय, कोणीही करेल. कन्येला विचारलं. तोही चालेल म्हणाली, आणि वर मलाही झोपायला सांगितलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार, दुपारी

जिराफ चमच्याने केकवर स्थानापन्न केला. ठिपके जरा पसरले आहेत. कन्येच्या वर्गातल्या एका पोरट्याने विचारलं, केकवर ऑम्लेट का घातलंय. हल्ली शाळेत शिकवतात तरी काय?

त्याच दिवशी, संध्याकाळी

केक कापायच्या आधी दारावरची घंटा वाजली. केकवाल्या बाई. हातात डबी, डबीत जिराफ. उभा. बोटाएवढा. मी त्याच्या पाठीवर टकटक केली. खणखणीत वाजला.

मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, शपथ घेऊन सांगते, मी नाही मागवला. बाई म्हणाल्या, तुमची लेक शाळेतून येताना सांगून गेली होती, घरी बोलू नका म्हणाली.

कन्येला बाजूला घेतलं. म्हटलं, मला जमत नाहीये हे बघून मागवलास ना? तिने नाही म्हणून मान हलवली. म्हणाली, बाबा, तू करतो म्हणालास ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सांगितला.

राग यायला हवा होता. कोणाचा, ते ठरेना. मग काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, एवढासाच का मागवलास. म्हणाली, तुझा पण केकवर मावायला हवा ना.

दोन्ही मावले. माझ्याला जागा जरा जास्त लागली.