चष्म्यातला पोपट

मंगळवार, ११ मार्च

ती. दादास,

नमस्कार. एरवी साष्टांग लिहिते, आज नुसता नमस्कार चालवून घे. तुझी आणि वहिनीची तब्येत ठीक असेल. आठ दिवसांसाठी म्हणून सासुरवाडीला गेलास, आता तिसरा आठवडा लागला. वहिनीला सांग, तिच्या कुंड्यांना मी पाणी घालते आहे.

प्रेस चालू आहे. मोठ्या मशीनचा रोलर अजून कुरकुरतो. मशीनवाले काका त्याच्याशी रोज भांडतात आणि रोज हरतात. शाळेच्या उत्तरपत्रिका वेळेवर गेल्या.

तुझी चिठ्ठी काकांनीच आणून दिली. 'पाकिटांच्या कामाचं पान फाइलमधून काढ, जाळून टाक, कोणाशी एक अक्षर बोलू नकोस. आपण कागद छापतो, आत कोण काय भरतं याच्याशी आपला संबंध नाही.' तुझ्या भाचीची चौकशी मागच्या बाजूला असेल म्हणून मी चिठ्ठी उलटून पाहिली. ती दवाखान्यात आहे हे तुला ठाऊक आहे. मागची बाजू कोरी होती.

पान मी जाळलं नाही. रागावायचं असेल तर आत्ताच रागावून घे, कारण पुढे अजून बरंच आहे.

आप्पा प्रेस चालवायचे तेव्हापासूनचा आपला नियम आहे, प्रत्येक कामाची एक प्रत फाइलला चिकटवायची आणि शेजारी गिऱ्हाइकाची आणि आपली सही असलेलं प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, लावायचं. तू त्या पुढाऱ्याचा फोटो उलटा छापलास, तेसुद्धा पान आपण ठेवलं आहे. तेव्हा आप्पा म्हणाले होते, लाज वाटते म्हणून पान फाडायचं नसतं. तू शेजारीच उभा होतास.

फोनवर मी तुला सांगितलं, तिला ताप आहे. ताप होता, पण नुसता ताप नव्हता. परीक्षेच्या अभ्यासासाठी ती मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेली होती. तिथे एकीने पाकीट आणलं. वर 'झाडांचं खत' आणि खाली बारीक अक्षरात 'माणसांनी खाऊ नये'. मुली म्हणाल्या, ते नुसतं लिहिण्यापुरतं असतं, हे घेतलं की झोप येत नाही आणि डोकं लख्ख चालतं. तीन दिवस ती झोपली नाही. चौथ्या दिवशी दुपारी तिला उचलून आणावं लागलं. अंग भट्टीसारखं तापलेलं, छाती धडधडत होती, आणि पडद्यामागे माणसं उभी आहेत म्हणून ती ओरडत होती. मी धरायला गेले तर मलाच चावली. माझ्या मनगटावर अजून वण आहे.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, 'काय घेतलं होतं?' मी म्हटलं, खत. त्या म्हणाल्या, 'खत कसलं, प्रयोगशाळेत बनवलेली नशा आहे ती. कायद्याच्या यादीत एक आलं की हे लोक थोडा फेरफार करून दुसरं बनवतात. आमच्या नेहमीच्या तपासणीत तर ते सापडतही नाही. आज एका पाकिटात एक, उद्या त्याच पाकिटात दुसरंच. विकणाऱ्यालाही पत्ता नसतो.' त्याच आठवड्यात अशी दोन मुलं आधी आली होती. त्यातला एक घरी गेला नाही.

पाचव्या दिवशी तिने मला ओळखलं. पहिलं काय बोलली सांगू? 'आई, रागावू नकोस. पाकिटावर माझा पोपट होता. चष्मा लावलेला. मी म्हटलं, हे तर आपल्याच प्रेसचं, तू काढलेलं. त्यात वाईट काय असणार?'

दादा, पहिलीत तिच्या वह्यांवर जो पोपट मी काढून द्यायचे, तोच. पाकिटांचं काम देणाऱ्या तुझ्या त्या ओळखीच्या माणसाला 'मुलांना आवडेल असं काहीतरी' हवं होतं आणि मला नवीन सुचत नव्हतं.

आता जे मला लिहायचं नव्हतं ते लिहिते. एरवी सही तूच करतोस, म्हणून तुला वाटतं त्याही प्रूफवर तुझीच असेल, आणि घाबरून बसला आहेस. पण तू त्या दिवशी बाहेर होतास. मी त्या माणसाला विचारलं होतं, 'अर्धा ग्रॅम खत? एवढंसं कुठलं झाड खातं?' तो हसला, 'ताई, झाडं नाजूक आहेत.' मला ते पटलं नव्हतं. पटलं नाही हे मला तिथेच कळलं होतं. तरी मी आप्पांचा 'छापण्यास हरकत नाही' हा शिक्का मारला आणि खाली सही केली. सही माझी आहे. पोपट माझा आहे. काय भरणार ते आपल्याला ठाऊक नव्हतं, हे दुसऱ्या कोणाला सांग. मला सांगू नकोस.

काल सकाळी पान घेऊन मी स्वतः पोलीस चौकीत गेले. त्या माणसाची सही, फोन, किती पाकिटं नेली, सगळं त्यावर आहे. साहेबांनी विचारलं, 'ही खालची सही कोणाची?' मी म्हटलं, समोर बसलेय तिची. डॉक्टरीणबाईंनाही पाकिटाची प्रत दिली. त्यांनी ती दवाखान्याच्या दारावर लावली आहे. मुलं ओळखतील तरी.

मुलीचं नाव खराब होईल, असं वहिनी म्हणेलच. नाव खराब होऊ दे. पोरगी आहे ना. प्रेसला कुलूप लागलं तर लागू दे, मी घरी बसून चित्रं काढीन. आणि तो माणूस दारात आला तर मीच उभी असेन, तुझ्यासारखी कोणाच्या माहेरी जाऊन बसणार नाही. मला माहेर तूच होतास.

काल तिने पेन्सिल मागितली. हात अजून थरथरतो, पोपटाचा कावळा झाला. आम्ही दोघी खूप हसलो आणि मग मी बाहेर जाऊन रडले.

साहेबांना तुझाही जबाब हवा आहे. मी तुझा पत्ता दिला आहे. पण त्यांनी यायच्या आत तू आपणहून आलास तर मला बरं वाटेल. भाचीला भेट. तिने विचारलं होतं, मामा का येत नाही. उत्तर तूच येऊन दे.

वहिनीला नमस्कार.

तुझी धाकटी बहीण,
जिची सही त्या पानावर आहे, आणि या पत्रावरही