दोन वाट्या, दोन दारं

॥ श्री ॥

ब्राह्मणपुरी, ता. शहादा
१९ नोव्हेंबर १९६१

चि. रतिलाल यास जसोदाताईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तू पुण्याला सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. भाऊबीजेला लोक बहिणीच्या ताटात लुगडं घालतात. तू करंडी ठेवलीस आणि करंडीत दोन विलायती उंदीर. शेजारची बेबीबाई त्या दिवसापासून रोज एकदा डोकावून जाते. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, बहिन, ह्या उंदर शेतस का ससा. मी म्हटलं, काय शेतस ते मन्हा भाऊले ठाऊक. गिनीपिग हा शब्द काही माझ्या जिभेवर बसत नाही. मी एकाला थोरला म्हणते, एकाला धाकला. तपकिरी तो थोरला, त्याच्या पाठीवर भोवरा आहे. पांढरा तो धाकला, त्याचा एक कान काळा आहे.

सकाळी फुलीबाई गवताचा भारा घेऊन येते. तिची चाहूल लागली की दोघं शिट्टी घालतात. पहिल्यांदा मीच दचकले, कारण या घरात माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचा आवाज होऊन दोन वर्षं झाली. गवताखेरीज मी त्यांना भाकरी दुधात कुस्करून देते. दोघं एकाच पितळी ताटलीत जेवतात. माझ्या घरात भाऊ एका ताटात जेवतात, हे तुला सांगायला नको. माझे गिरधर आणि चुनीलाल मिसरूड फुटेपर्यंत एका ताटात जेवले.

दिवाळीला त्या दोघांपैकी कुणी आलं नाही. गिरधरनं शहाद्याहून फराळाचा डबा पाठवला, चुनीलालनं सारंगखेड्याहून. मी दोन्ही डबे उघडले नाहीत, तसेच परत धाडले. बाप जाऊन महिना झाला नव्हता तोच विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून एकमेकांच्या अंगावर धावून गेलेली ही मुलं. माझी अट त्यांना ठाऊक आहे. यायचं तर दोघांनी मिळून यायचं आणि एका ताटात जेवायचं, एकट्यानं हा उंबरा चढायचा नाही. ही अट माझ्या तोंडून निघाली आहे, ती मी मागे घेणार नाही.

तुझा खोकला कसा आहे ते लिही. बाकी सगळं ठीक. येत जा, लिहीत जा, एवढंच मागणं.

तुझी
जसोदाताई

•

पुणे
२७ नोव्हेंबर १९६१

ती. गं. भा. जसोदाताईस रतिलालचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी खोलीत एकटाच हसलो. अक्षर अजून चौथीतलंच आहे, ओळ चढावर निघाली की थेट सातपुड्यात जाते. खोकला बरा आहे.

आता नीट वाच. दूध आणि भाकरी आजच्या आज बंद कर. त्यांच्या पोटाला ते मानवत नाही. त्यांचे दात जन्मभर वाढत राहतात, गवत चावून चावूनच ते झिजतात, म्हणून दिवसरात्र गवत पुढ्यात हवं. त्यावर थोडा लसूणघास आणि कोथिंबीर दे. रोज आवळ्याची किंवा पेरूची फोड चुकवू नकोस. ती नसली तर महिन्याभरात हिरड्यांतून रक्त येतं, सांधे धरतात. खाली कोरडं गवत अंथर आणि दोन दिवसांनी बदल. उचलताना एक हात छातीखाली आणि एक मागल्या पायांखाली, लटकतं धरायचं नाही.

आणि ताई, ताटली एक ठेवू नकोस. दोन नर आहेत. दोन वाट्या ठेव, एकमेकींपासून लांब, दोन कोपऱ्यांत.

तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. आमच्या लसीच्या प्रयोगशाळेत पैदाशीला माद्या लागतात, नर दोन-तीन पुरतात. उरलेल्या नरांना जगवत नाहीत, त्यांची यादी करतात आणि ती यादी माझ्या हातची असते. एकवीस वर्षं मी ती लिहितो आहे. या दोघांपाशी आलो आणि लेखणी पुढे चालेना. साहेबांना विचारून त्यांना खोलीवर आणलं. आठ दिवस माझ्या टेबलाखाली राहिले. मी कामावरून आलो की शिट्टी घालायचे. मग वाटलं, हे तुझ्याकडे असलेले बरे. इथे दिवसभर त्यांच्याजवळ कुणी नसतं.

मुलांच्या बाबतीत मी काय लिहू? तू मोठी आहेस. माया असू दे.

तुझा
रतिलाल

•

ब्राह्मणपुरी
८ जानेवारी १९६२

चि. रतिलाल यास ताईचे आशीर्वाद. वि. वि.

पत्राला उशीर झाला. उजव्या हाताच्या बोटाला चिंधी बांधली आहे, अक्षराला हसू नकोस.

तू सांगितलंस ते सगळं केलं. दूध बंद केलं, आवळा सुरू केला, अंथरूण बदलत गेले. वाट्यांचं तेवढं ऐकलं नाही. मला वाटलं, हा शहरातल्या पिंजऱ्यांचा कायदा असेल, घरात कशाला हवा. महिनाभर काही झालं नाही. मग थोरला ताटलीपाशी अंग फुगवून उभा राहू लागला. धाकला आला की दात कडकड वाजवायचा. मी ताटली आणखी जवळ सरकवायची, दोघांची तोंडं धरून एकत्र लावायची, जेवा म्हणायची. परवा त्यानं धाकल्याचा काळा कान फाडला. मी मधे हात घातला तर माझं बोटही फोडलं.

मला फार राग आला. दोघांना वेगळं केलं, एकाला ओसरीत ठेवलं, एकाला कोठीच्या खोलीत, मधे दार बंद. तर आता दोघंही खात नाहीत. थोरला भिंतीकडे तोंड करून बसतो. ज्यानं चावलं त्यानं तरी खावं की नाही? फुलीबाई म्हणते, ते एकमेकांले शोधी ऱ्हायनात. मी म्हटलं, शोधायचं होतं तर चावायचं कशाला.

फुलीबाई सारंगखेड्याच्या यात्रेला गेली होती. घोड्यांच्या बाजारात तिला चुनीलाल भेटला. त्यानं विचारलं, आईला नीट दिसतं का, विहिरीवर एकटी जाते का. मी फुलीबाईला सांगून ठेवलं आहे, पुन्हा भेटला तर म्हण, दोघं एकदम आले तर सगळं नीट दिसेल.

असं म्हटलं खरं, पण त्या दिवशी मी चूल पेटवली नाही. एकटीसाठी काय पेटवायची? रतिलाल, मला या घरात फार एकटं वाटतं. हे मी दुसऱ्या कुणाला लिहिणार नाही. आता उंदीरही खात नाहीत, लवकर उपाय कळव.

तुझी
ताई

•

पुणे
१३ जानेवारी १९६२

ती. जसोदाताईस रतिलालचा नमस्कार. वि. वि.

पत्र हाती पडलं तसा लिहायला बसलो. बोटाला हळद लाव आणि शहाद्याच्या डॉक्टरला दाखव.

आज हे कर. दोघांना एका खोलीत आण, मधे बारीक जाळी लाव. एकमेकांचा वास येऊ दे, आवाज येऊ दे, अंगाला अंग लागू नये. असे आठ-दहा दिवस जाऊ देत. खायला लागतील. कानाची जखम भरली की दोघांनाही नवी असेल अशा जागी सोड, जुन्या जागेवर एकाचा हक्क बसलेला असतो. दोन वाट्या हव्यात, पाण्याची दोन भांडी हवीत. लपायला दोन मडकी आडवी ठेव, आणि प्रत्येक मडक्याचं बूड फोडून त्याला दुसरं दार कर. एकच दार असलं तर आतला कोंडीत सापडतो, आणि कोंडीत सापडलेला चावतो. थोरला वाईट नाही. तू त्याचं तोंड धरून ताटलीला लावलंस, त्याला पळायला वाट ठेवली नाहीस.

सोडल्यावर एकमेकांभोवती फिरतील, घुरघुरतील, कमरेतून डुलतील. हे भांडण नव्हे, आपापली जागा ठरवणं असतं. रक्त दिसेपर्यंत आपण हात घालायचा नाही. बसून राहायचं. माझ्या कामात सर्वांत अवघड काय असेल तर हेच.

ताई, आता रागावशील, पण लिहितो. एका ताटात जेवल्यानं भाऊ होतात का? तू आणि मी कधी एका ताटात जेवलो? आई मला आणि बापूंना आधी वाढायची, तू मागाहून चुलीपाशी उरलंसुरलं खायचीस. तरी मी दर भाऊबीजेला दोन दिवस एस.टी.त बसून तुझ्याकडे येतोच ना.

कमीजास्त लिहिलं असेल तर थोरलेपणानं पोटात घाल.

रतिलाल

•

ब्राह्मणपुरी
४ मार्च १९६२

चि. रतिलाल यास आशीर्वाद. वि. वि.

दीड महिना तुला लिहिलं नाही, कारण मी रागावले होते. तुला ते कळलंच असेल, म्हणून तूही लिहिलं नाहीस.

उंदरांचं तू म्हणालास तसंच केलं. धान्याच्या चाळणीची जुनी जाळी मधे लावली. तिसऱ्या दिवशी थोरला जाळीपाशी येऊन बसला, चौथ्या दिवशी धाकला. दोघं जाळीच्या दोन बाजूंनी गवत खायला लागले. कान भरल्यावर मागल्या पडवीत नवी जागा केली. मुलांच्या आजोबांच्या वेळची दोन मडकी बुडाला फोडली. बेबीबाई हळहळली, चांगली मडकी फोडी टाकी म्हणून. सोडलं तेव्हा दोघं तासभर घुरघुरत फिरले. मी हात मांडीखाली घालून बसले होते, मधे जाऊ नयेत म्हणून.

आता मडकी दोन आहेत आणि झोपतात एकात. वाट्या दोन आहेत, आपापल्या वाटीतलं संपवून एकमेकांच्या वाटीपाशी जाऊन बघतात. मी एकत्र बसवत होते तेव्हा बसले नाहीत.

तुझ्या पत्रातली ताटाची ओळ मी पुन्हा वाचली नाही. एकदाच वाचली आणि पाठ झाली. चुलीपाशी मी काय खायची ते तुला एवढं आठवत असेल असं मला वाटलं नव्हतं. तू तेव्हा सहा वर्षांचा होतास.

मे महिन्यात आखाजी येते, तुमच्या पुण्याची अक्षय्य तृतीया. मुलांच्या बापाच्या नावानं घागर भरायची, ती दोन वर्षं भरली नाही. दोघांनी मिळून एक घागर भरावी म्हणून मी कोरी घागर आणून ठेवायची, संध्याकाळी ती पालथी घालायची. आखाजीला पितरं पाण्याला येतात म्हणतात. दोन वर्षं तो माणूस माझ्या दारातून तहानलेला गेला असेल. हा हट्ट मुलांचा म्हणत होते, यातला माझा किती ते आता मोजवत नाही.

ऊन आत्ताच चढू लागलं आहे. या दोघांना ते सोसेल का, कळव. राग गेला आहे.

तुझी
ताई

•

पुणे
१६ एप्रिल १९६२

ती. ताईस नमस्कार. वि. वि.

ऊन त्यांना सोसत नाही. माणसाला घाम येतो, त्यांना येत नाही. दुपारी रांजणाशेजारच्या गारव्याला ठेव, वरून ओलं पोतं टाक, पण अंग भिजवू नकोस. काकडीची फोड दे. पाय पसरून धापा टाकताना दिसले तर ओल्या फडक्यानं कान पुस आणि लगेच सावलीत ने.

मला आखाजीला येता येणार नाही. रजा नाही. या आठवड्यात मोठी यादी लिहिली. लिहून झाल्यावर खोलीवर आलो, दार उघडलं आणि सवयीनं क्षणभर थांबलो, शिट्टी येईल म्हणून. मग आत जाऊन दिवा लावला. तू त्या दोघांचं लिहीत जा, मला बरं वाटतं.

मुलांना काही लिहिलंस का, ते कळव.

रतिलाल

•

ब्राह्मणपुरी
१२ मे १९६२

चि. रतिलाल यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आखाजी सोमवारी झाली. मी दोघांना दोन कार्डं टाकली होती. दोन्हींत एकच मजकूर होता. दुसराही येणार आहे, त्याच्याशी बोललं पाहिजे असं नाही, घागरी दोन आणल्या आहेत, ताटं दोन मांडीन, घराला दारं दोन आहेत. अट मागे घेते असं लिहायला तीन कार्डं फाडली.

गिरधर पुढल्या दारानं आला. चुनीलाल गोठ्याकडून मागल्या दारानं आला. गिरधरनं ओसरीत घागर भरली, चुनीलालनं पडवीत. एका बापाच्या दोन घागरी बघून गावात कुणी हसलं असेल तर हसो, तो माणूस दोन वर्षांचा तहानलेला होता, दोन त्याला जड झाल्या नसतील. गिरधरला ओसरीत वाढलं, चुनीलालला स्वयंपाकघरात. मी मधल्या उंबऱ्यावर बसले आणि आमरसाचं पातेलं दोन्हीकडे फिरवत राहिले. दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. मी हात मांडीखाली घेतले.

जेवण होत आलं तेव्हा मी कोथिंबिरीची जुडी उचलली आणि रांजणापाशी तुझ्या दोघांनी अशी शिट्टी घातली की ओसरीतून गिरधर हसला आणि त्याच वेळी स्वयंपाकघरातून चुनीलाल हसला. हसू दोघांचंही बापाचंच आहे, मी दोन वर्षांत विसरले होते. दोघांनी एकमेकांचं हसणं ऐकलं. मग नुसते मांडे मोडल्याचे आवाज येत राहिले.

चुनीलाल आधी निघाला, मागल्या दारानं. पुन्हा पुढल्या आठवड्यात बुधवारी येतो म्हणाला. तो गेल्यावर गिरधर उंदरांपाशी बराच वेळ बसला. धाकल्याचा फाटका कान बघून विचारलं, हे कुणी केलं. मी म्हटलं, मी केलं. त्याला ते कळलं नाही, मी समजावलंही नाही.

चपला घालताना त्यानं माझ्याकडे न बघता विचारलं, चुनीलाल आता कधी येणार आहे. टाळायला विचारत होता की गाठायला, ते मी विचारलं नाही. त्याला म्हटलं, पुढल्या आठवड्यात बुधवारी येणार आहे, मागल्या दारानं, आणि पुढलं दारही मी उघडंच ठेवते.

आज शनिवार आहे. बुधवारला चार दिवस आहेत. घरात पुन्हा मी आणि हे दोघं आहोत, आणि मी शेतातून येते तेव्हा आता दारात थांबून शिट्टी ऐकते, तुझ्या वाटणीचीही. यादी लिहून झाली की एकदा रजा काढून ये. तुझं ताट माझ्या ताटाशेजारी मांडीन, दोघं एकाच वेळी जेवू.

तुझी
जसोदाताई