दोन लहान, एक लांब

आप्पा,

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमच्याबद्दल चांगलं लिहावं असं एकदाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. तुमचा लाडका पक्षी मेला, तेवढं कळवायचं आहे.

दहावी पास झालो म्हणून मी सायकल मागितली होती. तुम्ही पिंजरा घेऊन आलात. आत राखाडी कॉकॅटिल, डोक्यावर पिवळा तुरा, गालांवर नारिंगी ठिपके. "तुझ्यासाठीच आणलाय की," म्हणालात, आणि मी बोट लावायला गेलो तर हातावर चापट. त्याच्यासाठी तुम्ही मांडी घालून राळ्याचे दाणे निवडायचात. त्याची पिसं झडायला लागली की तुमच्या जिवाला घोर. मी कॉलेजात कितव्या वर्षाला आहे, हे मात्र पाहुण्यांसमोर आईला विचारायचात. जरा आवाज चढला की, "हळू बोल की, भितंय ते!" आम्ही तुम्हाला भ्यायचो, त्याचं काहीच नाही.

दिवसभर तुम्ही भवानी पेठेतल्या कारखान्यात, चादरी विणायच्या मागावर. त्या खडखडाटात हाक ऐकू जात नाही, म्हणून तुम्ही कामगार एकमेकांना शिट्टीनं बोलवायचात. तिथं ठीक होतं. तुम्ही ती शिट्टी घरी आणलीत. दोन लहान, एक लांब. चपला काढायच्या आधी शिट्टी, की आई पाण्याचा तांब्या घेऊन दारात. तिला नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. पक्ष्यानं ती शिट्टी महिनाभरात उचलली, तेव्हा गल्लीभर सांगत सुटलात, "शिकलं की!" त्याच्या आधी आई शिकली होती. तिचं कौतुक कुणी केलं नाही.

तुम्ही गेलात, शिट्टी राहिली. दिवसातून कितीदा तरी तो वाजवायचा आणि आई तांब्या भरून पिंजऱ्यापाशी जायची. "अगं, मेलेल्या माणसाला कसलं पाणी?" मी चिडायचो. "सवय हाय रे," ती म्हणायची. दोनदा मी त्याला विकायला निघालो. दोन्ही वेळा तिनं पिंजरा सोडला नाही.

यंदा तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, रोज चार वेळा चाललं पाहिजे, नाहीतर पाय कायमचा आखडेल. मी विनवण्या केल्या, ओरडलो. "लई दुखतंय, उद्या बघू." उठायची ती फक्त शिट्टीला. आणि गेल्या महिन्यात पक्षीच मेला. आठ दिवस ती पलंगावरून हलली नाही. नवव्या दिवशी मी दारात उभा राहिलो आणि शिट्टी मारली. कधी सराव केला नव्हता, पण पहिल्याच फुंकेला हुबेहूब तुमची आली. एका हातात काठी, दुसऱ्यात तांब्या, आई आली. माझ्याकडे बघत राहिली. "तुला बी येती व्हय," एवढंच म्हणाली. मी पाणी प्यालो.

तेव्हापासून रोज चार वेळा. पाय वळायला लागलाय, डॉक्टर खूश आहेत.

तुम्ही पिंजऱ्याच्या तळाला जुना पेपर अंथरायचात, तिथंच हा कागद अंथरून ठेवणार आहे. एक सांगायचं राहिलं. आज आईचं चार वेळा चालून झालं होतं. तरी मी पाचव्यांदा शिट्टी मारली. माठ माझ्यापासून दोन पावलांवर होता. मला तहान लागली होती.