मधल्या देशातली फरीबा

१३ जून, शुक्रवार
सकाळी दूध तापत ठेवून टी.व्ही. लावला. इराणवर हल्ला. तेहरानमधल्या इमारती, धूर, रस्त्यावर काचांचा खच. दूध उतू गेलं ते वासानं कळलं.

फरीबा तेहरानलाच असते. पुण्याच्या हॉस्टेलात दोन वर्षं आमची एक खोली, एक कपाट, एकच इस्त्री. त्याला चाळीसहून जास्त वर्षं झाली.

फोन हातात घेतला, परत ठेवला. जानेवारीपासून बोलणं नाही. आता एकदम 'कशी आहेस' कसं विचारायचं?

शांताबाई पोळ्या लाटताना म्हणाल्या, "बाई, तुमची ती मैतरीन तिकडंच हाय ना? केसर पाठवल्यालं जिनं?"
"हो."
"मंग लावा की फोन. इचार कसला करताय?"

शेवटी इंग्रजीत एक ओळ पाठवली. दुपारी उत्तर आलं : 'ठीक आहे. आवाज फार येतात.' एवढंच. एरवी प्रत्येक निरोपात मला 'नलूजान' म्हणते. आज नव्हतं.

१४ जून, शनिवार
जानेवारीतला माझा लेख काढून पुन्हा वाचला. मध्यम देशांच्या महत्त्वाकांक्षेवरचा. रविवार पुरवणीत छापून आला, चार फोन आले, मी खूश. त्यात एक वाक्य आहे : 'इराणने आपल्या माणसांच्या पोटाला चिमटा काढून जगात वजन कमावले.' मीच उत्साहाने कात्रणाचा फोटो फ.ला पाठवला होता. तिनं मोबाईलवर भाषांतर करून वाचला. मग लिहिलं, 'तू बरोबरही असशील. पण एवढं लिहिण्याआधी मला एकदा विचारलं नाहीस.'

त्यावर मी काय केलं? माझा मुद्दा कसा बरोबर आहे ते दोन लांबलचक परिच्छेदांत समजावलं. वर्गात शिकवल्यासारखं. तीस वर्षं राज्यशास्त्र शिकवल्याचा हा परिणाम.

त्यानंतर तिचं काही आलं नाही. मीही लिहिलं नाही.

१५ जून, रविवार
पारनेरहून गाडेकर सरांचा फोन. तिथल्या ज्येष्ठ नागरिक संघाचे ते सचिव. पुढच्या रविवारचं माझं व्याख्यान मार्चमध्येच ठरलंय, विषय 'मध्यम देशांचे जगातील स्थान'. सर फार आनंदात. "मॅडम, बघा, विषय कसा अगदी ताजा निघाला! हॉल भरणार आपला."

नाही म्हणता आलं असतं. म्हटलं नाही.

१७ जून, मंगळवार
संध्याकाळी फ.चा आवाजी निरोप आला. सव्वा मिनिटाचा. धावत जाऊन चष्मा आणला, जसा काही तो वाचायचा होता. लावला तर सगळं फारसी! आमचं कायम इंग्रजीत, मधेमधे तिचं मोडकं मराठी. फारसी माझ्याशी ती कधीच बोलली नाही.

तीन वेळा ऐकला. 'मेहरी' कळलं, तिची धाकटी बहीण. बाकी काही नाही. घाईत बोलतेय. मागे कुणीतरी भांडी हलवतंय.

चुकून माझ्याकडे आला असावा. लिहिलं, 'हे मेहरीसाठी होतं का?' पोचलं नाही.

१८ जून, बुधवार
एकच टिक. तिकडचं इंटरनेट बंद झाल्याची बातमी आहे. नेहमीचा फोन लावला तर मधेच तुटल्यासारखा आवाज.

म्हणजे मेहरीसाठीचा निरोप तिच्यापर्यंत गेलेला नाही. तो माझ्याकडे, इथं सावेडीतल्या माझ्या घरात. आणि मला कळत नाही. मेहरीचा नंबर माझ्याकडे नाही. ती शिराजला असते एवढंच माहीत.

१९ जून, गुरुवार
व्याख्यानाची टिपणं काढली. 'ज्यांना डावलणे परवडत नाही आणि ज्यांचे ऐकणेही बंधनकारक नाही, असे देश म्हणजे मध्यम सत्ता.' व्याख्या माझीच, वर्षानुवर्षं मुलींनी पाठ केलेली. परीक्षेत पाच मार्कांना यायची.

शांताबाईंना सगळं सांगितलं. दर वर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या त्या. म्हणाल्या, "आमी तोडीवर असलो की गावाकडचा निरोप असाच मधी कुठंतरी ऱ्हातो, बाई. पर ज्येच्या हाती ऱ्हातो ना, त्येनं पोचवावा. न्हाईतर पाप लागतं."

२१ जून, शनिवार
इराणात डॉक्टरकी शिकणारी आपल्या शहरातली सानिया परवा सुखरूप घरी आली. तिची आई माझी विद्यार्थिनी. फोन केला तर म्हणाली, "मॅडम, विचारताय काय, या ना."

सानिया अशक्त दिसत होती. कुकरची शिट्टी झाली तशी दचकली, मग स्वतःच ओशाळून हसली. तिनं फोन कानाशी धरला, एकदा नुसता ऐकला. दुसऱ्यांदा थांबवत थांबवत सांगू लागली. मी लिहून घेतलं.

'मेहरी, मी येत नाहीये. पेट्रोलच्या रांगेत चार तास उभी राहिले आणि परत आले. वरच्या मजल्यावरच्या आजींना जिना उतरता येत नाही आणि त्यांची मुलगी परदेशात आहे. त्यांना खाली माझ्याकडे आणलंय. बादल्या, पातेली, सगळं पाण्यानं भरून ठेवलंय. आईला सांगू नकोस. मी निघालेय, वाटेत आहे, असंच सांग.'

इथं सानिया थांबली. "मॅडम, पुढे तुमचं नाव आहे."
"काय म्हणतेय?"
"नलिनीचा मेसेज आला होता. मी फारच तुटक उत्तर दिलं. हे सगळं थांबलं की तिला नीट लिहीन."

सानियाची आई उठून आत चहा करायला गेली. तिला वाटलं असावं, मला रडायचं असेल. रडू नाही आलं. घरी येताना रिक्षात आलं.

२२ जून, रविवार
पारनेर. हॉल खरंच भरला होता. जाताना वाटत होतं, आज टिपणं बाजूला ठेवावीत, फ.बद्दल बोलावं. उभी राहिले आणि टिपणंच वाचली. तेल, सामुद्रधुनी, शेजारी, निर्बंध, दबाव. पन्नास मिनिटं. चूक काही नव्हतं. लोक शांतपणे ऐकत होते.

प्रश्नोत्तरं. एक जण म्हणाले, "बरी जिरली त्यांची." दोघे-चौघे हसले. मी पाणी प्यायले. दुसऱ्यांनी विचारलं, "आपण नक्की कुणाच्या बाजूनं, मॅडम?" म्हटलं, "आपली दोन्हीकडं मैत्री आहे." "म्हणजे कुणाच्याच न्हाई," मागून कुणीतरी.

मग एक आजोबा उठले. मूळचे अकोले तालुक्यातले, मुलाकडे राहायला आलेले. "बाई, भंडारदऱ्याच्या धरणाचं पानी सोडायचं म्हणलं की खालचं भांडत्यात, वरचं अडवत्यात. मधल्या गावानं निस्तं पाटाच्या कडंला उभं ऱ्हायचं. पानी घरावरून जातं, घोटभर घ्यायची सोय न्हाई. तसंच म्हना की ह्ये."
म्हटलं, "तसंच."
"मंग तितल्या मानसांनी काय करायचं?"

मी टिपणांचे कागद एकत्र केले. गाडेकर सरांनी वेळ झाल्याचं सांगून आभार मानले. नारळ, शाल.

२४ जून, मंगळवार
युद्धबंदीची बातमी. चॅनेलवाले कोण जिंकलं, कोण हरलं ते मोजतायत. कोणत्या देशाचं वजन किती घटलं, यावर एकानं मलाच फोन करून 'दोन मिनिटं' मागितली. नाही म्हटलं. यावेळी जमलं.

२६ जून, गुरुवार
तिकडचं इंटरनेट हळूहळू सुरू होतंय म्हणतात. सानियाच्या मैत्रिणींचे निरोप येऊ लागले. फ.चं काही नाही.

दुपारभर जुन्या मेल उपसल्या. फ. दर वर्षी नवरोजला सगळ्यांना मिळून एकच शुभेच्छा पाठवते. एका वर्षीच्या यादीत पंचवीस-तीस पत्ते, त्यात एक मेहरीच्या नावाचा. पत्ता जुना असेल, बंदही असेल. लिहिलं : मी नलिनी, फरीबाची पुण्याच्या हॉस्टेलातली मैत्रीण. तुमच्यासाठीचा एक निरोप माझ्याकडे आला आहे. खाली माझा नंबर दिला.

पाठवण्याआधी चार वेळा वाचलं. 'निरोप' शब्दानं घाबरेल का? 'फरीबाचा आवाज' केलं. तेही नको वाटलं. शेवटी पहिलंच ठेवलं.

२८ जून, शनिवार
सकाळी अनोळखी परदेशी नंबर. मेहरी. मोडकं इंग्रजी, पण मला सगळं कळलं.

फ. कुठं आहे ते तिला माहीत नाही. घरचा फोन वाजतो, कुणी उचलत नाही. गल्लीतली एक इमारत पडलीय. ती कुठली ते कुणी धड सांगत नाही. त्यांचा भाऊ काल गाडी घेऊन शिराजहून निघालाय. आईला अजून वाटतं, फ. वाटेत आहे.
"असं तिला कुणी सांगितलं?" मी विचारलं.
"मीच. दुसरं काय सांगणार?"

म्हणजे फ.चा निरोप न मिळताच तिनं तेच सांगितलं होतं.

निरोप पाठवला. शांताबाई ओट्यापाशी लाटणं हातात धरून थांबल्या होत्या. "पोचला का?" "पोचला."

सव्वा मिनिटाचा निरोप. पाच मिनिटं गेली, दहा गेली. वाटलं, आता भावाचा फोन कधी येईल ते लिहील, किंवा नुसते आभार मानेल. वीसेक मिनिटांनी तिनं लिहिलं :

'आवाज बसलाय तिचा. सर्दी झाली होती का? तुला काही बोलली होती?'

मला माहीत नाही, असं लिहिलंय. अजून पाठवलेलं नाही.