तीन हात वर, तीन खाली

अप्पा, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली, तरी साता समुद्रापलीकडच्या या टूनगॅबीच्या स्वयंपाकघरात तुम्ही रोज येता. विमानं बंद, व्हिसा बंद, शेजारच्या राज्याची हद्दसुद्धा बंद. तुम्हाला मात्र कुणी अडवत नाही. टेबलाच्या टोकाला बसता, घसा खाकरता आणि काही बोलत नाही. म्हणून मीच बोलते. लिहून घेतेय नात. मला अक्षर येत नाही, हे तुम्हाला कशाला सांगू?

ही युनीत, म्हणजे विद्यापीठात, राजकारण शिकते. लॉकडाऊनमुळे तिचं कॉलेज याच टेबलावर भरतं. मध्यंतरी ती स्वीडन देशातल्या एका सभापतीवर निबंध लिहीत होती, मी मेथी निवडत ऐकायची. वर्षानुवर्षं साधा सभासद होता, मग सभापती झाला, आणि नेमकी त्याच्याच काळात दोन्ही बाजूंची माणसं सारखी निवडून आली. अर्धी इकडे, अर्धी तिकडे. मतं समसमान पडली की सरळ चिठ्ठ्या टाकायचे. मी म्हटलं, असा देश चालवतात होय? नात म्हणाली, "आजी, इट्स फेअर." मी मेथी तशीच टाकून उठले.

आठवतं, अप्पा? मी नऊ वर्षांची, तांब्या घेऊन चावडीच्या दाराशी उभी. मास्तरांची बायको मुलींना दुपारी शिकवायला तयार आहे, गावानं फक्त पडवी द्यायचीय. तीन हात वर, तीन खाली. सगळे सरपंचांकडे, म्हणजे तुमच्याकडे बघतात. तुम्ही माझ्याकडे बघता, पागोटं सारखं करता आणि म्हणता, पडवी द्यायची नाही. जेवताना मी विचारलं, का? तुम्ही ताटातून मान वर न करता म्हणालात, "खुर्चीवर बसलेल्याला पोरगी नसते." गाव म्हणालं, माणूस कसा निःपक्षपाती! होतातच. चिठ्ठी टाकली असतीत तर मला निम्मी तरी आशा होती.

पण सगळं तुमच्यावर ढकलून भागत नाही. माझी पोरं शाळेत जायला लागली, तेव्हा माझ्या सासरी बायकांचा साक्षरता वर्ग निघाला. कळल्याबरोबर तुम्ही एसटीनं आलात. थकलेले, दम लागलेला. वर्गाला जा म्हणून माझी विनवणी केलीत. मी विचारलं, "हे सरपंच सांगताहेत की बाप?" तुम्ही चहा अर्धा ठेवून गेलात. आणि मी वर्गाला गेले नाही. तुमच्या डोक्यावरचं ओझं मला उतरवायचं नव्हतं, अप्पा. वर्षाच्या आत तुम्ही गेलात, ओझ्यासकट.

आता यंदाचं. माझा मुलगा, या पोरीचा बाप, लॅबमध्ये कामाला. त्याला कोविड झाला. मागच्या अंगणातल्या खोलीत एकटा राहायचा, मी दाराशी डबा ठेवायची. पाचव्या दुपारी गेले तर काचेशी उभा. आवाज पार बसलेला. त्यानं एक कागद काचेला लावला. आईला वाचता येत नाही, हे तापात विसरला असेल. काचेत मला माझ्यामागे तुमचं पागोटं दिसलं. मग मी काय केलं? न वाचता येणारं माणूस जन्मभर करतं तेच. समजलं अशी मान हलवली आणि हसले. त्याला हायसं वाटलं, कागद ठेवून तो आडवा झाला. मी घरात येऊन पोळ्या लाटायला लागले. पोरीची ऑनलाइन परीक्षा चाललेली, तिचा फोन बंद. तासाभरानं ती मागे गेली, आणि किंचाळतच परत आली. कागदावर होतं, दम लागतोय, अँब्युलन्स बोलवा.

अकरा दिवसांनी तो घरी आला. बरा आहे. जिन्यात मध्येच थांबतो, तेव्हा मी दुसरीकडे बघते. सगळ्यांना मी सांगितलंय, काचेवर ऊन होतं, कागद दिसलाच नाही.

पोरीनं पेन थांबवलंय. "आजी, यू सॉ इट?"

मी तिला म्हटलं, लिही. हे पत्र बाबाला दाखवायचं नाही, कुठे धाडायचंही नाही, पण लिही. कागद दिसला होता. तुम्ही माझ्यामागे नुसते उभे होतात, अप्पा. मान मी हलवली.